चाकाला पुरे म्हणणारं माणूस

बायको गेल्यापासून माझ्या हातून चाक सुटत नाही.

चाकाचा आऊट, त्याचा वाकडेपणा, काढायचा म्हणजे सायकल उलटी करायची, रिमच्या बाजूला खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथं बाहेर आलेली असते तिथं खडू लागतो. मग तिकडचे आरे चावीने जरा सैल करायचे, समोरचे आवळायचे. साफ सरळ चाक मी जन्मात बघितलं नाही. केसाएवढं राहतंच. तिथं थांबायचं असतं.

मला आता थांबता येत नाही. उमेळे गावात माझ्या सायकलच्या दुकानामागंच घर आहे. घरात बसलो की उठतो, दुकानात आलो की चावी हातात. अजून पाव फेरा, अजून पाव फेरा. आरे इतके ताणतात की बोट लावलं तरी टणटण वाजतात.

समोरच्या टॉवरमधला एक साहेब रविवारी बारीक टायरच्या रेसिंग सायकलवर फिरतो. त्याचं मागचं चाक मी असंच आवळून दिलं. गास गावाच्या रस्त्यावर आरा तुटला, चाक ब्रेकला घासायला लागलं. सायकल खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "जाताना मी तिच्यावर होतो, येताना ती माझ्यावर." हसला, पण पुढं म्हणाला की काका, जमत नसेल तर तसं सांगा, मी तुळिंजच्या दुकानात दाखवतो.

ते मला लागलं. पोरानं आधीच हा दुकानाचा गाळा भाड्यानं द्यायचं काढलंय. हातच गेला म्हटल्यावर त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हटलं, बसा इथं. नवा आरा घातला, बाकीचे सगळे सैल केले आणि पहिल्यापासून लागलो. शेवटी खडू एकाच जागी, जरासा लागत होता. हात परत चावीकडे गेला. याच वेळेला बायको आतून ओरडायची, "पुरे आता. चहाचं गार पानी झालं." मी चिडायचो, पण चावी खाली ठेवायचो.

साहेबाला म्हटलं, पुरे तुम्ही म्हणा.

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"तिला पण काही कळत नव्हतं."

ती कोण, हे त्यानं विचारलं नाही. तिच्या मयताला आला होता तो. चाकाकडे बघत बसला, फोनसुद्धा बाहेर काढला नाही. मी चावी लावली, फिरवली.

"काका, पुरे."

लवकर म्हणाला. ती पण लवकरच म्हणायची. मी सायकल सुलटी करून दिली.

पुढच्या रविवारी गासला जाऊन आला, सायकलवर बसून. दुकानासमोरून गेला तेव्हा खडू लागायचा तेवढी जागा माझ्या डोक्यात फिरत होती. हात वळवळत होते.

पोराला सांगितलं, गाळा मिळणार नाही. चहा आता मलाच करावा लागतो. आधी चहा गॅसवर ठेवतो आणि मगच चाकाला हात लावतो. उतू जायला लागला की उठावंच लागतं.