कांगारूचं पिल्लू आणि थर्मासातलं दूध

गेल्या हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, गाडीच्या धडकेने मेलेल्या कांगारूच्या पिशवीत आम्हा नवराबायकोला जिवंत पिल्लू सापडलं. खारा वारा बोचत होता. मी पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. नवऱ्याने प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. गाडी पाठवतो, तोवर गाईचं दूध देऊ नका, त्याने ते दगावेल, असं त्यांनी बजावलं. आमच्या थर्मासात चहासाठी आणलेलं गाईचंच दूध होतं. मग त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला. अंथुर्ण्याला मेंढरं राखलेले सासरे पिल्लू बघून ओरडले, "आगं, थर्मासात दूध हाय न्हवं? पाज की!" पिल्लू माझं बोट चोखत होतं. "आबा, ह्याला चालत न्हाय." "मग उपाशी मारतीस व्हय?" मी थर्मास उघडला नाही. संस्थेची गाडी आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी जिवंत पिल्लाचा फोटो पाठवला. तो पाहून आबांनी विचारलं, "नर हाय का मादी?" मादी होती.