बाबांना विचारायची वेळ

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे 'वेळापत्रक' म्हणतात. त्याचा त्यांना राग येत नाही, उलट छाती फुगते. लग्नानंतर फिरायला गेलो होतो तेव्हा मी सूर्यास्त बघत बसले होते, तर हे घड्याळ दाखवून म्हणाले, "चल, झाला सूर्यास्त." सूर्य अजून अर्धा शिल्लक होता. त्याला ह्यांच्या घड्याळाची कल्पना नसावी.

ह्यांची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी आरामखुर्च्या बनवते. बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. साहेबांना जाहिरातीचा व्हिडिओ हवा होता, तोही खऱ्या घरात, खऱ्या मुलाला घेऊन. ह्यांनी हात वर केला. घर आमचं ठरलं, मुलगा म्हणून हे ठरले. राहता राहिले वडील. ते होतेच की घरात. अर्धांगवायूने डावी बाजू गेल्यापासून माझे सासरे हॉलमध्ये खिडकीखालच्या पलंगावर असतात. रस्त्यावरून कोण गेलं, कोणाचा कुत्रा सुटला, सगळी खबर त्यांच्याकडे. दिग्दर्शक येऊन त्यांना पाहून गेला आणि म्हणाला, "यांच्या चेहऱ्यावर समाधान कमी पडतंय." मग वडील भाड्याने आणायचे ठरले.

मला वाटलं, आता तरी हे काही बोलतील. हे म्हणाले, "बरंच झालं, बाबांना तेवढी दगदग नको."

मग परवानग्या सुरू झाल्या. वॉचमनशी बोलून गाडीला जागा मिळवली. वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललं होतं, तिथे जाऊन गोड बोलून ते बंद करवलं. पाण्याचा पंप कधी लावायचा नाही, लिफ्ट कुणी अडवायची नाही, समोरच्या बाईंनी गाण्याचा रियाज कधी उरकायचा, सगळं ठरलं. एरवी ज्या माणसाला गॅसवाल्याला फोन करायला आठवडा लागतो, तो अख्ख्या इमारतीच्या हातापाया पडून आला. खिडकी ज्यांची, त्यांना मात्र आदल्या संध्याकाळी नुसतं सांगितलं, "बाबा, उद्या तुम्ही आतल्या खोलीत."

"का रे?"

"शूटिंग आहे."

"मग मला दिसेल ना?"

"आतून कसं दिसेल, बाबा?"

आतली खोली म्हणजे जुन्या गाद्या, शिवणयंत्र आणि बंद पडलेला पंखा. तिचं दार हॉलमध्येच उघडतं, आणि स्वयंपाकघर हॉलच्या पलीकडे. सकाळी बाबांना तिथे हलवलं. त्यांनी गप्प बसावं म्हणून मला सोबत ठेवलं. ह्यांनी केलेल्या दिवसभराच्या तक्त्यात माझ्या नावापुढे 'शांतता' असं लिहिलं होतं. बाबांना बाथरूमला न्यायची वेळसुद्धा त्यात होती. भाड्याच्या वडिलांसाठी कमी तिखटाचा डबा होता. दुपारच्या आत आटपेल असं हे छातीठोकपणे म्हणाले होते, म्हणून मीही निर्धास्त होते.

दुपार झाली तरी दिवेच लागत होते. मी दोनदा दार किलकिलं करून खूण केली की बाबांचं जेवण आणते. ह्यांनी दोन्ही वेळा हातानेच थांबवलं. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. माझ्या सासऱ्यांच्या खिडकीखाली एक गुबगुबीत म्हातारा पाय वर करून समाधानी बसला होता. आमच्या ह्यांना त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचं होतं.

"बाबा, जेवलात का?"

"अजून माया हवी," दिग्दर्शक म्हणाला.

ह्यांनी आवाजात माया आणली. इतकी आणली की मी चपापले. वीस वर्षांच्या संसारात हा आवाज मी ऐकला नव्हता. तो कुठे ठेवला होता, देव जाणे.

"बाबा... जेवलात का?"

आतल्या खोलीतल्या गादीवरून बाबा म्हणाले, "नाही रे, अजून नाही."

"कट! आतून कोण बोललं?"

मी बाबांचा हात दाबला. ते माझ्याकडे नवलाने बघायला लागले. मुलाने विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, यात चुकलं काय ते त्यांना कळेना.

पुन्हा सगळं शांत झालं. पुन्हा तोच प्रश्न आला, अगदी लोण्यासारखा मऊ. या वेळी बाबा उशीवरून जरा उठले, ऐकू जावं म्हणून आवाज चढवून म्हणाले, "नाही जेवलो! भूक लागलीय!" त्यांचा चेहरा उजळला होता. दिग्दर्शकाला हवं होतं ते समाधान आता इथे अडगळीत होतं. या खेपेला मी हात दाबला नाही. माझ्या नावापुढे 'शांतता' होती ना, मी शांत बसले.

दार धाडकन उघडलं. हे तोंडाला पावडर लावलेले, लालबुंद.

"बाबा, मी तुम्हाला नाही विचारत!"

हॉलमध्ये भाड्याचे वडील बटण दाबून ताठ बसले. बाबा उशीवर परत टेकले आणि म्हणाले, "बरं."

मला इतका संताप आला की मी वायरी तुडवत, कॅमेऱ्यापुढून सरळ स्वयंपाकघरात गेले. भांडी मुद्दाम आपटली. मला कुणी कट म्हणालं नाही. ताट घेऊन आले, तेव्हा हे दारातच उभे होते. ते बाजूला झाले.

व्हिडिओ झाला. आवाज नंतर भरून घेतला म्हणे. ऑफिसात ह्यांचं कौतुक झालं, आणि एक खुर्ची बक्षीस म्हणून घरी आली. ती खिडकीखाली ठेवलीय, बाबा तिच्यात बसतात. तेव्हापासून हे रोज ऑफिसातून दुपारी फोन करतात. मी फोन बाबांच्या कानाला लावते. आवाज तसाच, मायेचा. या वेळी तो खरा आहे, हे मला कळतं.

"बाबा, जेवलात का?"

बाबा लगेच उत्तर देत नाहीत. आधी आतल्या खोलीच्या दाराकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारतात, "मला विचारतोय का?"