हिरवं खाणारा पडदा

इंदापुरात बसस्टँडजवळच्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या कॅसेट जोडायचं काम करत होतो. नव्वदीची ती वर्षं. मालकांनी पुण्याहून दोन वस्तू आणल्या, एक व्हिडिओ मिक्सर आणि बारा हात हिरवं कापड. माणसाला त्या कापडापुढं उभं करायचं, यंत्र चित्रातलं हिरवं तेवढं खाऊन टाकायचं आणि त्या जागी हवं ते दृश्य भरायचं. या सोयीमुळं तालुक्यातली बरीच जोडपी बर्फात उभी राहिली. नवरा सफारीत, नवरी घामानं हैराण आणि मागं बर्फाचे डोंगर. तक्रार कुणी केली नाही. ज्या लग्नात अर्धी कॅसेट फेटे आणि सत्कार यांतच संपते, तिथं बर्फाचं कौतुक ते काय.

पडदा केव्हा वापरायचा, हे माझ्यावर सोपवलेलं होतं. मालकांचा नियम एकच: गिऱ्हाइकानं मागितला की वापरायचा. मलाही त्याहून वेगळा नियम सुचलेला नव्हता.

एका मे महिन्यात कळसचे एक तात्या आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग आम्हीच केलं होतं, आठवडाभरापूर्वी. मुलीची आई मात्र लग्नाला नव्हती. ती वालचंदनगरला थोरल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलेलं.

तात्या म्हणाले, "तुमच्याकडं ते पडद्याचं हाय म्हणं. तिला मंडपात बसवा, माझ्या शेजारी. पोरीच्या कॅसेटात आई न्हाय, आसं नगं."

"तात्या, आम्ही बर्फ आणतो," मालक म्हणाले, "मंडप काय अवघड?"

मी कॅमेरा आणि पडदा घेऊन वालचंदनगरला गेलो. सुनेनं सासूला आधार देऊन खुर्चीत बसवलं. लग्नाच्या निमित्तानं त्या मावशींच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. हात इतके बारीक झाले होते की त्या कोपरापर्यंत सरकायच्या. दहा मिनिटांत काम उरकून मी परतलो.

दुसऱ्या दिवशी तात्या बघायला आले. टीव्हीवर मावशी त्यांच्या शेजारी मंडपात बसलेल्या. चेहरा छान आला होता. पण बांगड्या होत्या तिथं आरपार मंडपाचं लाल कापड दिसत होतं, पंजा एकीकडं आणि हात दुसरीकडं. ज्या मुलखात प्रत्येक सवाष्णीच्या हातात हिरवा चुडा असतो, तिथं आम्ही हिरवं खाणारा पडदा आणला होता आणि इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्या मी खांद्यापर्यंतच घ्यायचो, हात चौकटीत येतच नसत.

तात्या टीव्हीजवळ सरकले. मग म्हणाले, "हात मोकळं दिसत्यात. म्हंजी मी गेलो म्हणायचं."

मालक हसले. एकटेच.

"पुन्हा शूट करू," ते म्हणाले, "तेवढा वेळ त्यांना बांगड्या काढायला सांगा."

तात्या उठून उभे राहिले. "मालक, आमच्यात बांगडी फुटली तरी वाढवली म्हणत्यात. तुमी तर काढाच म्हणताय. तिच्या म्होरं ह्ये बोलू नगा."

मिक्सरवर निळ्या रंगाचंही बटण होतं. मी बाजारातून निळं कापड घेतलं. दुकानदार चाचांनी विचारलं, कुठल्या शाळेचा गणवेश? तात्यांना बरोबर घेऊन मी पुन्हा क्वार्टरवर गेलो.

चार दिवसांत मावशी आणखी खंगल्या होत्या. आवाज मात्र स्वच्छ होता.

"आता निळं?"

"बांगड्या दिसाव्यात म्हणून, मावशी."

त्यांनी हाताकडं पाहिलं. "मंडपात बसल्यावर पोरगी माझ्याकडं बघंल का?"

खोटं बोलता आलं असतं. तात्या तेवढ्यासाठीच माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नाही. तिचं शूटिंग आधीच झालंय."

"पाया पडंल?"

"नाही."

"आन् ह्ये? शेजारी बसूनशान बोलत्याल का?" मग स्वतःच म्हणाल्या, "मंडपाबाहीर तरी कुठं बोलत्यात."

तात्या निळ्या कापडाची चुणी सरळ करू लागले.

"मग कशाला बसवता मला? समदी हायत आन् माझ्याकडं कुणी बघंना. मेल्यावर ते हायच की."

मी कापडाचं एक टोक खिळ्याला अडकवलेलं होतं, दुसरं हातात होतं. बर्फाची आणि जोडप्याची ओळख नसते, म्हणून तिथं पडदा चालतो. मंडपातली माणसं या बाईची होती. त्यांच्यात तिला अनोळखी करून बसवायचं काम मी करणार होतो, आणि तेही बांगड्यांसकट, अगदी निर्दोष. मी कापड उतरवलं आणि घडी घातली.

"ह्ये काय?" तात्या म्हणाले. "मागं काय दावणार? भित्ताड? औषधाच्या बाटल्या? पाव्हणं बघत्याल."

"बाटल्या माझ्याच हायत," मावशी म्हणाल्या. "राहू द्या."

मी कॅमेरा लावला आणि नेहमीचं सांगितलं, मुलीला आशीर्वाद द्या.

"ती भेटून गेली तवाच दिला की." मग थेट कॅमेऱ्याच्या काचेत बघून म्हणाल्या, "मुंडावळ्या कुणी बांधल्या गं? मला कुणी नीट सांगंना." आणि थांबल्या, समोर कुणी उत्तर देणार असावं तशा. मग, "हळद पैली कुणी लावली?" पुन्हा थांबल्या. "चपला चावल्या का? नव्या हुत्या." असे पाच-सहा प्रश्न झाले. प्रत्येकानंतर त्या तेवढंच थांबल्या. शेवटच्या प्रश्नाला मात्र दमल्या आणि सुनेनं त्यांना आडवं केलं.

तो भाग मी पाठवणीच्या अलीकडं जोडला. मालक म्हणाले, मधल्या मोकळ्या जागा काप, बाई नुसती बघत बसलीय. मी कापल्या नाहीत. त्यांना सत्कारांचा अर्धा तास कधी मोकळा वाटला नव्हता.

लग्नसराईच्या गर्दीत कॅसेट रखडली. ती पुरी व्हायच्या आधीच मावशी गेल्या.

मावशींचे दिवस झाल्यावर तात्या मुलीला घेऊन आले. ती बारामतीकडं, सासरी असायची. कॅसेट नेण्याआधी एकदा बघायची म्हणाली. मी तो भाग लावला. तात्या दारात पाठमोरे उभे राहिले. मुलगी खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी समोर बसली.

आईनं विचारलं, मुंडावळ्या कुणी बांधल्या गं.

"थोरल्या मामीनं," मुलगी हळूच म्हणाली.

हळद, चपला, जेवणं, सगळ्याची उत्तरं तिनं दिली, आई थांबेल तेवढ्या वेळात. शेवटच्या प्रश्नाला तेवढी जागा नव्हती, मी चित्र तिथंच तोडलं होतं. पाठवणीचा बँड सुरू झाला तेव्हा ती अजून सांगत होती. मी आवाज बंद केला.