धाकट्या भावाचा चहा

माजलगावच्या आमच्या नाटकात थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढतो. थोरल्याचं काम करणारा नट तालमीत पाठ केलेली वाक्यं नुसती ओरडायचा. वैतागून मी त्याच्या हातातली संहिता काढून घेतली आणि म्हणालो, "आता तुझ्या शब्दांत काढ त्याला बाहेर."

तो धाकट्याला म्हणाला, "बस की. चहा टाकायला सांगतो."

बाकीचे हसले. मी चिडलो. "हाकलायचंय त्याला. पाहुणचार कावून करायलास?"

"चहा न पाजता तसंच कसं लावून द्यायचं, सर?"

कर म्हटलं. दोघांनी हवेतले कप धरून चहा घेतला. थोरल्यानं साखरेचं विचारलं, लेकराबाळांचं विचारलं, आणखी अर्धा कप घ्यायचा आग्रह केला. मग दाराशी जाऊन धाकट्याची चप्पल रस्त्याकडे तोंड करून नीट मांडली. "इकडं कधी आलात तर या," म्हणाला.

घरच्या माणसाला आमच्याकडं कुणी असा आग्रह करत नाही, की 'आलात तर या' म्हणत नाही. धाकटा चप्पल घालून हॉलबाहेर गेला.

नाटक मीच लिहिलं होतं. त्या प्रसंगातल्या पानभर भांडणावर मी तिथंच काट मारली.