बांबूपलीकडचा बगळा

साल १९७४. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावर नगरपालिकेच्या जकात नाक्यावर शिपाई होतो. शाळा माझी दुसरीतच संपली. पण रस्त्यावरचा आडवा बांबू वर जायचा का न्हाई, ते मी ठरवायचो. बाहेरून माल आणलाय? जकात भरा, कारकुनाकडनं पावती घ्या, मग बांबू वर. मग तो मास्तर असो का मामलेदार.

त्या साली नगराध्यक्ष पहिल्यांदाच लोकांनी थेट निवडायचा होता. उमेदवार दोन. एक रिटायर हेडमास्तर. त्यांचं धोरण एवढंच, की खर्च करू नये. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लावावेत, बाकीच्या अंतरात माणसानं सांभाळून चालावं. दुसरे गुळाचे आडते. ते म्हणायचे, "जकात बंद! आन् चौकात कारंजं!" लोक टाळ्या वाजवायचे.

एका सभेत मी उठून विचारलं, "जकात बंद केल्यावर कारंजं कशातनं करणार?"

"सरकार देईल."

"आन् न्हाई दिलं तर?"

"खाली बसा मामा. तुम्हाला तुमच्या बांबूची काळजी!"

होतीच. नाका गेला की माझी नोकरी गेली. दुसरं काम मला येत नव्हतं, आणि शिकायची माझी तयारीही नव्हती.

मतदानाला आठवडा राहिला असताना आडत्यांनी, आपण शब्दाचे पक्के आहोत हे दाखवायला, पदरच्या पैशानं दौंडवरनं कारंजं मागवलं. भर दुपारी लॉरी नाक्यावर आली. आत माणसाएवढा, चोचीतनं पाणी उडवणारा सिमेंटचा बगळा. गवंड्यानं त्याचे डोळे एवढे मोठे केले होते, की तो नुकताच जकातीचा दर ऐकून आलाय असं वाटावं.

"जकात," मी म्हणालो.

आडते जीपमधनं उतरले. "अवो, मी जकात बंद करणारा माणूस. मीच भरली तर लोक काय म्हणतील?"

"बंद केल्यावर नका भरू. आज चालू हाय."

"गावासाठी आणलाय बगळा!"

"पर आणलाय तर बाहेरनंच न्हवं?"

ते भरेनात, मी बांबू उचलेना. लॉरीवाल्याला दुसरं भाडं होतं. तो बगळा बांबूपलीकडं लिंबाखाली उतरवून निघून गेला. मग बगळा बघायला गाव लोटलं. बाया पोरांना भरवायला तिथं आणू लागल्या. हेडमास्तरांनी तर त्याच्यासमोरच सभा लावली. "हाच तो वायफळ खर्च!" म्हणून त्यांनी बगळ्याच्या पोटावर छडी हाणली. तेवढ्यात आडत्यांच्या एका गड्यानं लिंबावर चढून बगळ्याच्या पाठीतल्या नळीत घागर ओतली, आणि बगळ्यानं हेडमास्तरांच्या टोपीवर गुळणी टाकली.

निवडणूक त्या गुळणीनं फिरली, असं माझं मत आजही आहे.

निकालाच्या संध्याकाळी गुलालानं माखलेले नवे नगराध्यक्ष मिरवणुकीसकट नाक्यावर आले.

"उचला बांबू. बगळा आत घ्यायचाय."

"जकात."

"आता मी नगराध्यक्ष हाय!"

"मग तिजोरी तुमचीच. तिच्यात टाकायला लाज कसली?"

"नोकरीवरनं काढीन!"

"जकात बंद झाली की नोकरी तशीबी जाणार. एकच नोकरी दोनदा कशी काढाल, साहेब?"

ताशा थांबला. गर्दीतलं एक म्हातारं फिस्सकन हसलं, मग सगळीच हसली. नगराध्यक्षांनी बगळ्याकडं बघितलं. बगळा त्यांच्याकडंच बघत होता. शेवटी त्यांनी खिशात हात घातला आणि भरली.

पावती हातात पडली मात्र, माणूसच पालटला. मिरवणुकीकडं वळून कडाडले, "मी सवता भरलीय! आता ह्या गावात कुणाच्या बापाला जकात माफ न्हाई!"

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मी बांबू उचलला. इतका उंच आधी कधी उचलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूपुढं नारळ फोडायचा म्हणून मी पलीकडच्या दुकानात गेलो. ते हद्दीबाहेरचं, त्यामुळं माल जरा स्वस्त. नारळ घेऊन बांबूखालनं वाकून आत येणार, तेवढ्यात थबकलो. कारकुनाला हाक मारली, जकात भरली, पावती घेतली. मग माझ्याच हातानं बांबू वर केला, ताठ मानेनं आत आलो, बांबू खाली केला आणि नारळ फोडला.