दोनदा घातलेला वळसा

एकाच डोंगराला मी एका दुपारी दोनदा वळसा घातला, आणि तोही एका मुलाची बाजू सावरायला. देवाची कृपा, नातवंडांत माझ्याइतकं बावळट एकही निघालं नाही!

आज त्याच डोंगराच्या टोकाशी टेकून बसले आहे. लाट खडकावर फुटते, दोन्ही बाजूंनी वळते आणि पलीकडे पुन्हा एक होते. पाण्याला हे किती सहज जमतं!

त्या वेळी तो मुलगा आणि मी एकत्र दिसलो असतो तर गावभर झालं असतं. म्हणून ठरलं, की समुद्रात घुसलेल्या या डोंगराच्या कडेने मी बंदराकडून निघायचं, त्याने देवळाकडून. टोकावर भेटायचं आणि संध्याकाळी त्याने आमच्या घरी लग्नाचं बोलायचं. मी केसांत अबोली माळून निघाले. टोकावर पुष्कळ थांबले, मग चालत देवळापाशी पोचले. तो कुठेच नाही. तेव्हा माझी अक्कल म्हणाली, "करवंदीच्या जाळीआड चुकामूक झाली असेल. बिचारा शोधत असेल गं!" म्हणून त्याच वाटेने पुन्हा उलट फिरले. भरतीने साडी भिजली, कालवांच्या शिंपांनी तळवे कापले, तरी मनात त्याचीच वकिली.

फसवणूक एकट्याला जमत नाही. समोर कोणीतरी कारणं पुरवणारं लागतं.

घरी आत्या ओटीवर आमसुलं वाळत घालत होती. माझे पाय बघून तिने पाण्याची बादली पुढे ओढली. मीच रडत सगळं सांगितलं. तेव्हा म्हणाली, "अगो, वाट एकच. समोरून निघालेला माणूस भेटल्याशिवाय राहतो होय? तो निघालाच नव्हता."