अण्णांचा अडकलेला क्लच

परवा रविवारी आमच्या हॉलमध्ये एक शर्यत झाली... म्हणजे झाली होती मी जन्मायच्या आधी, बघायला मिळाली परवा.

माझा मामा पूर्वी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. माळ्यावर पडलेल्या त्याच्या जुन्या कॅसेट्स त्याने पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या. त्यात एक निघाली कुंभारीजवळच्या माळावरच्या शर्यतीची. सोलापुरातल्या गॅरेजवाल्यांनी हौसेने भरवलेली... तेव्हाच म्हाताऱ्या झालेल्या फियाट आणि जीप, सायलेन्सर काढून टाकलेल्या.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, त्या शर्यतीत उतरले होते. भवानी पेठेत त्यांचं गॅरेज. स्वतः जुळवलेली फियाट होती, पण स्वतःच बसवलेला क्लच ऐन सुटताना अडकला आणि पहिला नंबर गेला, ही गोष्ट अख्ख्या पेठेला पाठ आहे. अजूनही कुणीतरी विचारतंच, "अण्णा, क्लच तुमीच बसवनार व्हय?"

अण्णा हसून सोडून देतात. मला मात्र दर वेळी लागतं, कारण त्यांच्यासारखा कामाचा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. त्यामुळे मला एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं, तो क्लच खरंच अडकला होता का.

"काय बघायचं त्यात... धुरळाच हाय सगळा," अण्णा म्हणाले. मी टीव्ही लावलाच.

आता मामाची करामत ऐका. पठ्ठ्याने शर्यतसुद्धा लग्नासारखीच शूट केलीय! पाहुण्यांचे सत्कार, हार, नारळ, प्रेक्षकांच्या एकेका तोंडावरून सावकाश फिरणारा कॅमेरा... गाड्या आपल्या मागे कुठेतरी. मी कपाळाला हात लावला.

मग आई दिसली. लग्नाला महिनाही झालेला नाही, हातात हिरवा चुडा, आणि फियाटच्या दाराशी उभी राहून नवऱ्याला ओवाळतेय. चाकाखाली लिंबू ठेवलेलं. माळावरच्या वाऱ्याने निरांजन सारखं विझतंय, ती पदराच्या आडोशाने पुन्हा पुन्हा लावतेय...

आणि तिच्या पाठीमागे झेंडा पडला.

बाकीच्या गाड्या सुटल्या. ओवाळणं चालू असताना कॅमेरा हलवायचा नाही, ही मामाची लग्नातली सवय, म्हणून त्याने तो हलवला नाही. त्यात स्वच्छ दिसतं... अण्णांनी समोर झेंडा बघितला, आईकडे बघितलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहिले.

तिने ओवाळलं, कुंकू लावलं, बाजूला झाली. तेव्हा कुठे लिंबू चिरडत गाडी सुटली. क्लच अडकला नाही की गाडीला साधा हिसका बसला नाही. मग कुठे मामाने कॅमेरा गाड्यांकडे वळवला, आणि त्या धुरळ्यातून एकेकाला मागे टाकत अण्णा दुसरे आले, तेही अगदी थोडक्यात. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण बघताना अंगावर काटा आला.

आईला मात्र इतकी वर्षं वाटत होतं की आपलं ओवाळून झालं आणि मगच शर्यत सुटली. त्या आवाजात आणि धुरळ्यात तिला पाठीमागचं काही कळलंच नव्हतं.

"झेंडा दिसला हुता तुमाला?" तिने विचारलं.

"दिसला की."

"मग निगायचं न्हाय का?"

"तुजी वात इजत हुती..."

मामा म्हणाला, "मग दाजी, क्लच अडकला म्हून का सांगितलं?"

अण्णा टीव्हीकडेच बघत होते. "नवी सून हुती. ओवाळन्यापायी हरला म्हनले असते, घरात हिचा पायगुन काडला असता. क्लच काय, माज्याच हातचा. त्याला बोलू दे की लोकं."

गॅरेज चालवणाऱ्या माणसाने आपणच आपल्या कामाला नावं ठेवायची, म्हणजे काय असतं ते पेठेत कुणालाही विचारा. क्लचचं काम घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं, तरी हा माणूस गप्प. आईलासुद्धा कळू दिलं नाही.

आई उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसली आणि मामाला म्हणाली, "परत लाव."

मामा, तुझ्या त्या न हललेल्या कॅमेऱ्याचे उपकार कसे फेडू...

अण्णा ती शर्यत जिंकले असते, तर मी चारचौघांत कधीतरी सांगितलं असतं. ते हरले, म्हणून आज सगळ्यांना सांगतेय.